परीक्षेतून सूट

माझ्या मुलीला आम्ही घरात वकीलसाहेब म्हणतो. बोलायला लागल्यापासून तिने एकही गोष्ट पहिल्या झटक्यात मान्य केलेली नाही. झोप म्हटलं की का, ऊठ म्हटलं की कशाला. पाणी गरम आहे की कोमट, यावर तिने तिच्या आईला न्हाणीघराच्या दारात कितीतरी वेळ ताटकळत ठेवलेलं आहे. मला वैताग यायचा. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर बिघडलेल्या मशीनशी डोकं लावायचं आणि घरी आलं की चप्पल काढायच्या आत उलटतपासणी.

मग तिला ताप येऊ लागला. पायांवर निळे डाग उठायला लागले. एका दुपारी डॉक्टरांनी आम्हा दोघांना आधी खुर्चीत बसायला सांगितलं, आणि त्या बसायला सांगण्यावरूनच मी काय ते समजलो. रक्ताचा कॅन्सर. हा शब्द आमच्या घरात अजूनही कोणी उच्चारत नाही. आम्ही ‘ते’ म्हणतो.

मी भित्रा नाही. उंच इमारतीच्या माथ्यावर, पायाखाली नुसती पोकळी असताना, मी डबा खाल्लेला आहे. पण मुलांच्या वॉर्डाचं दार ढकलण्याआधी मी रोज थोडा वेळ बाहेरच उभा राहायचो. आत गेलो की आधी तिच्या पलंगाकडे बघायचो. ती दिसली की श्वास सोडायचो. मग हात धुवायचो.

वॉर्डाच्या टोकाला एक खोली होती. पूर्वी तिथे जादा गाद्या ठेवत. आता तिथे बुटकी टेबलं, एक फळा आणि एक बाई होत्या. मुलांची शाळा बुडू नये म्हणून इस्पितळाने नेमलेल्या शिक्षिका. ज्यांना चालता यायचं ती मुलं सलाईनचा स्टँड ढकलत त्या खोलीत जायची. ज्यांना चालता यायचं नाही त्यांच्या पलंगापाशी बाई स्वतः जायच्या. तोंडाला मास्क, कपाळाला आठी आणि खिशाला लाल पेन.

पहिल्याच दिवशी माझ्या कानांवर पडलं ते असं.

“हे काय अक्षर आहे?”

“बाई, हाताला सलाईन आहे.”

“डाव्या हाताला आहे. लिहितेस उजव्याने. पुन्हा काढ.”

माझं डोकं फिरलं. मी मध्ये पडलो. “बाई, पोरगी आजारी आहे.”

“दिसतंय मला,” बाई म्हणाल्या. “पण अर्धा आणि पाव मिळून एक होतो, असं कुठल्याच औषधाने होत नाही.”

वकीलसाहेब मास्कच्या आत खुदकन हसल्या. मला काही हसू आलं नाही. केस गेलेल्या पोरीला कोण असं बोलतं? पण त्या दोघींचं रोज असंच चालायचं. अर्ध्या अर्ध्या गुणावरून भांडण. “बाई, रीत बरोबर आहे.” “उत्तर चुकलंय.” “रीतीचे गुण द्या ना.” “रीतही तुझीच आहे, पुस्तकातली नाही.” बाई गेल्या की ही गाल फुगवून बसायची आणि थोड्या वेळाने वही ओढून घ्यायची. “उद्या दाखवतेच त्यांना.” बाईंनी तिच्या शाळेशी बोलून ठेवलं होतं. वार्षिक परीक्षेचे पेपर बंद पाकिटातून इथे येणार, ती त्या खोलीत बसून लिहिणार, बाई तपासणार. वरच्या वर्गात जायचं तर वार्षिक परीक्षेत पास व्हायला हवं, सगळ्यांसारखं.

मला हे सगळं निव्वळ छळ वाटायचं.

औषधाचा तिसरा फेरा संपला आणि डॉक्टरांनी पुन्हा बसायला सांगितलं.

“हवा होता तेवढा परिणाम दिसत नाहीये. औषध बदलून बघू.”

“म्हणजे?”

“म्हणजे बदलून बघू.”

“आणि त्यानेही नाही झालं तर?”

डॉक्टर कागद नीट लावत राहिले. बायको बेकरीत पाव बांधायच्या कामावर होती, तिला हे मी कसं सांगितलं ते आठवत नाही. इतकं आठवतं की जिन्यात बसलो होतो आणि मनात एकच घोळत होतं: थोडे दिवस राहिले असतील तर ते लाल पेनाखाली जायला नकोत. तिला कोणी टोकायला नको, रागवायला नको. नुसतं हसू दे.

तसाच उठलो आणि त्या खोलीत गेलो. बाई फळा पुसत होत्या.

“बाई, आता पुरे.”

“काय पुरे?”

“अभ्यास. परीक्षा. सगळंच. तिला आता सुखानं राहू द्या.”

“डॉक्टर तसं म्हणाले?”

“डॉक्टर काहीच म्हणत नाहीत. म्हणून तर मी म्हणतोय.”

“अहो, जरा ऐका माझं. इथली मुलं ना—”

“तुम्हाला मुलं आहेत का?” मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

बाईंनी फडकं खाली ठेवलं. “पालक तुम्ही आहात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नको म्हणालात की मला शिकवता येत नाही, इथला नियम आहे तसा. पण का बंद झालं, ते तिला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.”

मला वाटलं, जिंकलो.

शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे देवमाणूस. मी बोलायला तोंड उघडलं तोच त्यांचे डोळे भरून आले. “अहो, विचारता काय! सूट. सगळ्या विषयांत सूट. वरच्या वर्गात घातलीच म्हणून समजा.” त्यांनी वर्गाकडून एक मोठं शुभेच्छापत्रही करून घेतलं. त्यावर सगळ्यांच्या सह्या आणि बदामाची चित्रं. ज्या पोरीशी आमचीचं कधी पटलं नाही, तिनेसुद्धा ‘तू खूप चांगली आहेस’ असं लिहिलं होतं.

ते घेऊन मी वॉर्डात शिरलो तो विजयी वीर होऊनच. “वकीलसाहेब, केस जिंकलात! परीक्षा रद्द. एकही पेपर न देता सरळ वरच्या वर्गात!”

ती उडी मारेल असं वाटलं होतं. निदान, ‘मग मागच्या वर्षी का नाही मागितलीत सूट?’ असा काहीतरी फाटा फोडेल. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“कोणी मागितली सूट?”

“मी.”

“डॉक्टरांनी सांगितलं म्हणून?”

“छे गं. अशीच.”

तिने शुभेच्छापत्र वाचलं. सगळ्या सह्या वाचल्या. घडी घालून उशाशी ठेवलं.

“बरं,” ती म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा ती मला बरं म्हणाली होती आणि मी मूर्खासारखा खूश झालो.

त्यानंतर सगळंच बरं झालं. सुई टोचायची आहे, बरं. कूस बदल, बरं. आज आईला उशीर होणार, बरं. बाई येत, पण चित्रांचं पुस्तक ठेवून मुकाट्याने पुढच्या पलंगाकडे जात, आणि ही त्यांच्याकडे बघतही नसे. तिने तिची कंपासपेटी शेजारच्या पलंगावरच्या छोटीला देऊन टाकली. “तुला पुढे लागेल,” म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, किती शहाणी मुलगी. भेटायला आलेली माझी बहीण म्हणाली, आजाराने पोर किती समजूतदार झाली बघ. मीही मान डोलावली.

एका संध्याकाळी बायको मला जिन्यात घेऊन गेली.

“अहो, ती भांडत नाहीये.”

“मग चांगलंच आहे की.”

“काल सूप आणलं ना मी, त्यात मीठ घातलं नव्हतं. मुद्दाम. ती प्यायली. काही बोलली नाही.” तिने पदराने तोंड दाबून धरलं. “आज दुप्पट मीठ घातलं. तेही प्यायली.”

त्या पोरीने एका कढीपत्त्याच्या पानावरून घर डोक्यावर घेतलेलं मी पाहिलं होतं.

पुढे तिने सूपही बंद केलं. भांडून नाही. ‘नको’ एवढंच म्हणायची, तेही भिंतीकडे तोंड करून. उठायची नाही, चालायची नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “नवीन औषधाचं अजून काही कळलेलं नाही. पण तिने खायला हवं, पाय हलवायला हवेत, नाहीतर औषध पेलणार कसं? तिने जणू हात टेकलेत. घरात कोणी काही बोललं का तिला?”

“कोणी काही नाही बोललं,” मी म्हणालो, आणि मला ते खरंच वाटत होतं. “उलट आम्ही सगळे तिला फुलासारखं जपतोय.”

त्या दिवसांत खिशातला फोन थरथरला की इस्पितळाचा नंबर नाही ना, एवढं बघूनच मी उचलायचो. त्या दिवशी तो कामाचा होता. एका जुन्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत एक आजी.

मी पोहोचलो तेव्हा आजींच्या किंकाळ्या रस्त्यापर्यंत येत होत्या. इमारतीचा वॉचमन दाराच्या फटीला तोंड लावून अगदी मधाळ आवाजात म्हणत होता, “आजी, घाबरू नका हं. शांत राहा. देवाचं नाव घ्या. मी आहे ना तुमच्यापाशी.” तो जितका गोड बोले तितक्या त्या जास्त ओरडत.

मी त्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि दारावर थाप मारली. “कोण आहे आत? काय चाललंय? आत उड्या मारल्यात का तुम्ही?”

किंकाळी थांबली. “मी? उड्या? मेल्या, माझे गुडघे बघ आधी!”

“मग अडकली कशी?”

“ते तू सांग! लिफ्टवाला तू का मी?”

“पिशवीत काय आहे?”

“अंडी आहेत! एक जरी फुटलं ना, तुझ्याकडून भरून घेईन!”

“धरून ठेवा मग. वर जाऊन चाक फिरवतो, हळूहळू खाली येईल. मध्ये हिसका बसेल. ओरडायचं नाही.”

“ओरडीन नाहीतर नाचीन! लवकर कर!”

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडकलेल्या माणसाशी गोड बोलायचं नाही. रोजच्यासारखं बोलायचं, जमल्यास थोडं वैतागून. मी वॉचमनवर डाफरलो, “देवाचं नाव घ्या काय म्हणतोस? अरे, असं म्हटलं की आतल्या माणसाला वाटतं, दोर तुटला!”

एवढं बोलून मी मशीनरूमकडे धावलो. एक जिना चढलो, दुसरा चढलो आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. कठडा धरला.

गोड. आम्ही सगळे तिच्याशी किती गोड बोलत होतो. मी, डॉक्टर, मुख्याध्यापक, सिस्टर, माझी बहीण, वर्गातली ती भांडखोर पोरगी. सगळे दाराच्या फटीला तोंड लावून.

खालून आवाज आला, “अरे ए! मेलास का वर?”

मी मशीनरूममध्ये गेलो, मेन स्विच बंद केला, ब्रेक मोकळा करून चाक फिरवू लागलो. आजी बाहेर आल्या, त्यांनी अंडी तपासली आणि मला काहीबाही सुनावलं. मी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि कामाचे कपडे न बदलता इस्पितळ गाठलं.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी स्टूल ओढलं.

“सूट मिळाली ते तुला आवडलं नाही का?”

“आवडलं.”

“खोटं.”

भिंतीला सांगितल्यासारखं ती म्हणाली, “कोपऱ्यातल्या ताईलाही मिळाली होती.”

“कुठली ताई?”

“त्या पलंगावरची. ती बाईंशी भूमितीवरून भांडायची. माझ्यापेक्षा जास्त. मग तिचे बाबा म्हणाले, आता अभ्यास नको, आराम कर. मग सगळे तिला चित्रांची पुस्तकं आणून द्यायला लागले. मग ती गेली. घरी नाही.”

मी त्या रिकाम्या पलंगाकडे बघितलं. चादर ताणून घातलेली होती.

“इथे सगळ्यांना माहितीये, बाबा. छोटीलापण. रिपोर्ट तुम्हा लोकांना दाखवतात, आम्हाला कोणी दाखवत नाही. मग आम्ही गृहपाठ बघतो. ज्याचा गृहपाठ बंद होतो ना, त्याचं…”

तिने वाक्य सोडून दिलं. मग माझ्याकडे वळली. पापण्याही झडल्या होत्या, त्यामुळे ते डोळे केवढे तरी मोठे दिसायचे.

“बाबा, मी मरणार आहे का?”

मला पळून जावंसं वाटलं. खरंच सांगतो, त्या क्षणी स्टुलावरून उठून दारातून बाहेर पडावं आणि कुठेतरी लांब चालत जावं असं वाटलं. ओठांवर आलंही होतं, ‘छे, वेडी आहेस का!’ पण वकिलाशी गाठ होती. खोटं बोललो असतो तर तिथेच पकडलं असतं तिने, आणि मग तिने माझं कुठलंच बोलणं खरं मानलं नसतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “डॉक्टरांनाही अजून माहीत नाही. नवीन औषध चालू आहे, त्याचं काय होतंय ते कळायचंय. सूट त्यांनी नाही सांगितली. मी मागितली. मला भीती वाटली म्हणून.”

“तुम्हाला भीती वाटते?”

“फार.”

ती विचार करत राहिली.

“पुरावा काय?” ती म्हणाली.

“कशाचा?”

“डॉक्टरांनी सांगितलं नाही याचा.”

“परीक्षा,” मी म्हणालो. “सूट रद्द करून आणतो. डॉक्टर अडवत असतील तर अडवतील, मग तुला कळेलच.”

“आता नाही होणार रद्द. मला पास केलंय.”

“होईल.”

ती बरं म्हणाली नाही. “आणा, मग बघू,” म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने चमचा पुढे केला तेव्हा तिने दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं. “आई, हे सूप आहे की समुद्र?” बायकोने तिथेच रडायला सुरुवात केली, आणि वकीलसाहेबांनी विचारलं की मिठाबद्दल बोलायचंसुद्धा नाही का आता.

मुख्याध्यापकांना मात्र काही केल्या समजेना. “मुलाला पास करा म्हणून हात जोडणारे पालक पाहिलेत मी. नापास व्हायची मोकळीक द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच. अहो, त्रास होईल तिला.”

“होऊ दे.”

“पण कशासाठी?”

ते मला नीट सांगता आलं नाही. शेवटी बाईच बोलल्या त्यांच्याशी, फोनवरून. बाईंकडे मी आधीच जाऊन आलो होतो. मान खाली घालून उभा होतो, काय बोलावं कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, “कोपऱ्यातली ती गेली तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या पालकाला आधी हे सांगायचं. तुम्ही सांगू दिलं नाही.” मग लाल पेन खिशाला अडकवत म्हणाल्या, “आणि हो, मला दोन मुलं आहेत.”

डॉक्टरांनी अडवलं नाही. मध्ये मध्ये आराम द्या, एवढंच म्हणाले.

भाषेचा पेपर बरा गेला. गणिताच्या दिवशी मी काम सोडून आलो होतो. खोलीच्या दाराला काच होती, तिच्यातून बघत होतो. त्या औषधाने तिच्या बोटांना बधिरता आली होती. पेन धरायची, दोन ओळी लिहायची, पेन सुटायचं. टेबलाखाली वाकून उचलायची, पुन्हा लिहायची. एकदा ते घरंगळत दारापर्यंत आलं. माझा हात कडीवर गेला. आतून बाईंनी असं काही बघितलं की मी हात मागे घेतला. ती स्टँड धरून उठली, चार पावलं चालत आली, वाकली, पेन घेतलं, परत गेली. ती आपण होऊन चालली होती. मी काचेला कपाळ टेकवलं. वेळ संपली तेव्हा तिचं शेवटचं गणित व्हायचं होतं. बाईंनी पेपर काढून घेतला.

ती पलंगावर गेली आणि मी खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिलो. बायकोही बेकरीतून तिथेच आली. बाई आत तपासत होत्या. बऱ्याच वेळाने दार उघडून त्यांनी मला आत बोलावलं.

“चार गुण कमी पडतात.”

मी पुढे होऊन पेपरकडे बघितलं.

“शेवटचं गणित तिला येतं,” त्या म्हणाल्या. “गेल्याच आठवड्यात माझ्यासमोर केलंय. आज बोटांनी साथ दिली नाही.” त्यांनी पेपर उलटा करून ठेवला. पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. “सकाळी डॉक्टर भेटले होते. नव्या औषधाचा रिपोर्ट उद्या यायचाय ना? मी इतकी वर्षं हे करतेय, पण मला आज भीती वाटतेय हो. चार गुण माझ्या हातात आहेत. कोणी विचारणार नाही. देऊ का? तुम्ही सांगा.”

त्या बाईंनी मला विचारावं! मला ते चार गुण इतके हवे होते की त्यांच्या पायांवर डोकं ठेवून मागितले असते. उद्या तो कागद येईल. त्यावर काय असेल ते देव जाणे. वाईट असलं तर? मग आज तिला हसत ‘पास झालीस’ असं सांगण्याची ही शेवटची संधी असेल, आणि ती मी माझ्या हाताने घालवलेली असेल. आयुष्यभर मला ते खात राहील. आणि दिले गुण, तर? ती पेपर हातात घेईल, बेरीज करेल. ती करणारच. चार गुण कुठून आले ते शोधेल. सापडले की घडी घालून उशाशी ठेवेल आणि बरं म्हणेल.

“नापास करा,” मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा घातला. मग पेपर सरळ केला आणि लाल पेनाने वर आकडा लिहिला, त्याच्याभोवती गोल काढला.

आम्ही तिघंही तिच्या पलंगापाशी गेलो. बायकोला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिने माझा शर्ट पाठीमागून घट्ट धरून ठेवला होता. बाईंनी पेपर पुढे केला. वॉर्डातली बाकीची मुलं गप्प झाली. छोटी उशीवर कोपर टेकून बघत होती.

ती आकडा बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मी काय करून बसलो? आजारी पोरीला कोणी नापास करतं? तिने पान उलटलं. पुन्हा पहिल्या पानावर आली. ओठ हलवत बेरीज केली. एकदा, दोनदा. मग तिने मान वर केली. तिचे गाल तांबडे झाले होते.

“तिसऱ्या गणिताचे दोन कापलेत! रीत बरोबर आहे!”

“रीत चुकली आहे,” बाई म्हणाल्या. “छेद समान केलाच नाहीस.”

“मनात केला होता!”

“मनातलं मला तपासता येत नाही.”

“म्हणजे मी खरंच नापास?”

“खरंच.”

“पुरवणी परीक्षा कधी आहे?”

बाईंनी तारीख सांगितली. डॉक्टर आमच्याशी कधी पुढच्या आठवड्याच्या पलीकडचं बोलले नव्हते आणि या बाई वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहून खणखणीत आवाजात पुढच्या सत्राची तारीख सांगत होत्या. मला एवढी भीती वाटली की मी पलंगाची दांडी धरली. उद्याचा रिपोर्ट, आणि त्याच्या कितीतरी पलीकडे ती तारीख.

“एवढेच दिवस?” ती जवळजवळ किंचाळली. “एवढ्याशा दिवसांत सगळे अपूर्णांक पुन्हा कसे करायचे? काहीतरीच काय! बाबा, सांगा ना यांना, दिवस कमी पडतील!”

मी बाईंकडे बघितलं.

“पुरतील,” बाई स्टूल ओढत म्हणाल्या. “वही काढ.”